क्लच धरत नाही की सुटत नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. आपल्या मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत काही वेळ गेला की पहिला आणि रिव्हर्स गिअर पडेनासा होतो, क्लच अगदी तळाशी आल्यावर जेमतेम सुटतो आणि इंजिन बंद केले की तेच गिअर अलगद पडतात. बाइटिंग पॉइंट (पेडल सोडताना क्लच जिथे पकडू लागतो ती जागा) बदलला म्हणजे क्लचची प्लेट झिजून संपली, असे सांगून आपल्या अनुभवी मेकॅनिकने पूर्ण क्लच सेट बदलायचा सल्ला दिला आहे. माझ्या लेखातील चौथ्या गिअरची चाचणी मात्र धडधाकट क्लच जाळणारी असून तिच्यामुळे वाचकांची दिशाभूल होते, असा आपला आक्षेप आहे.

पेडल वर असताना इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणे आणि पेडल दाबल्यावर तो पूर्णपणे तोडणे, अशी क्लचची दोन कामे आहेत. झिजलेली प्लेट प्रामुख्याने पहिल्या कामात कमी पडते, म्हणजे ती घसरते. आपण लिहिलेले प्रत्येक लक्षण दुसऱ्या कामातील बिघाडाचे आहे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, हा तर आपणच दिलेला सर्वांत भक्कम पुरावा आहे. गिअर बदलण्याच्या दांड्यांत किंवा तारांत दोष असता, तर इंजिन बंद असतानाही लिव्हर अडला असता. इंजिन चालू असतानाच तो अडतो, याचा अर्थ पेडल दाबूनही गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून जोर आत नेणारा दांडा, फिरत राहतो.

बाइटिंग पॉइंटचा नियम खोटा नाही, परंतु तो तारेच्या क्लचचा आहे. मारुती ८०० सारख्या गाडीत प्लेट झिजली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या जड चकतीकडे, सरकते, प्रेशर प्लेटला दाब देणाऱ्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटे उलट दिशेने बाहेर येतात, तारेतील ढील संपते आणि क्लच अधिकाधिक वर सुटू लागतो. तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये हा फरक आपोआप भरून निघतो, कारण मागे रेटलेले तेल टाकीत परत जाते. (म्हणूनच क्लचची टाकी ब्रेकपासून स्वतंत्र असेल तर प्लेट झिजल्यावर तिची पातळी किंचित चढते, ती उतरत असेल तर तेल कुठेतरी गळते आहे.) त्यात आपला बाइटिंग पॉइंट खाली गेला आहे, म्हणजे तारेच्या क्लचचा नियम लावला तरी तो झिजेच्या नेमक्या उलट दिशेला सरकला आहे.

आता चाचणीविषयी. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे, हा गॅरेजमधला प्रकार मलाही मान्य नाही, कारण घसरणारा क्लच त्यात खरोखरच होरपळतो. लेखात लिहिलेली चाचणी वेगळी आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर, पहाटे रस्ता मोकळा असताना, चौथ्या गिअरमध्ये सुमारे २००० आरपीएमवरून वेगमर्यादेच्या आत राहून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएमचा काटा वेगाला मागे टाकून उसळला तर क्लच घसरतो आहे, आणि त्याच क्षणी पाय काढायचा. ज्या क्लचची पकड शाबूत आहे तो यात घसरतच नाही, मग तो जळणार कसा? टर्बो इंजिनात हा दोष मधल्या आरपीएमवर, जिथे टॉर्क सर्वाधिक असतो, तिथे आधी दिसतो. आपल्या गाडीने ही चाचणी पार केली, तर पकड अजून शिल्लक आहे.

गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी मेकॅनिककडून काही साध्या गोष्टी तपासून घ्याव्यात. सर्वांत आधी पायाखालचे मॅट काढा. जाड मॅट पेडलची चाल कमी करते आणि त्यापायी लोकांनी क्लच सेट बदललेले मी पाहिले आहेत. त्यानंतर गाडी तापून गिअर अडेल तेव्हा पेडल दोन-तीनदा भराभर दाबून पाहा. लगेच गिअर पडला, तर प्लेटऐवजी तेलात शिरलेल्या हवेवर किंवा मास्टर (पेडलजवळच्या) अथवा स्लेव्ह (क्लचजवळच्या) सिलिंडरच्या सीलवर संशय घ्यावा. मास्टर सिलिंडर गळत असेल तर पेडलच्या मुळाशी ओल सापडते. स्लेव्ह सिलिंडर कुठे आहे हे गाडीगणिक बदलते : माझदा एमएक्स-५ मध्ये तो गिअरबॉक्सच्या बाहेर असल्याने सहज बदलता येतो, तर निसान ३७०झेडमध्ये तो बेल हाऊसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत, शाफ्टभोवती बसवलेला आहे. आपण गाडीचे नाव लिहिलेले नाही. आतल्या प्रकाराचा असेल तर बेल हाऊसिंगच्या तळाशी तेलाचे थेंब शोधावेत.

कोंडीतच त्रास होतो, यामागे तेलाचे वय असू शकते. क्लच आणि ब्रेकमध्ये वापरल्या जाणाऱ्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ३.७ टक्के पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत अनेक पावसाळे न बदललेले तेल, त्यात एक्झॉस्टची शेजारची उष्णता आणि सतत हाफ क्लच, असे सगळे जुळून आले की तेलात वाफ होऊन पेडल मऊ पडणे शक्य असते.

आपल्या मेकॅनिकची एक बाजू मात्र मी पूर्णपणे उचलून धरतो. इनपुट शाफ्टच्या खाचांवर गंजून अडकलेली प्लेट, शाफ्टच्या टोकाला आधार देणारे पायलट बेअरिंग जाम होणे किंवा डायफ्रॅमचे तुटलेले बोट यांमुळेही क्लच सुटत नाही, आणि बाहेरची तपासणी निर्दोष निघाली तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. स्लेव्ह सिलिंडर आत असेल, तरीही तेच करावे लागेल. एवढी मजुरी लागणारच असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (डायफ्रॅमची बोटे दाबणारे) आणि आतला स्लेव्ह सिलिंडर एकत्र बदलणे शहाणपणाचे आहे. ड्युअल मास फ्लायव्हील (धक्के शोषणारा, दोन भागांचा) महाग असल्याने तो मात्र त्यातील ढिलाई मोजूनच बदलावा. जुनी प्लेट भंगारात जाण्यापूर्वी तिच्या रिव्हेटवर किती अस्तर उरले आहे ते समोर मोजायला सांगा आणि तो आकडा येथे कळवा.