क्रॉन जुना झाला म्हणून टाकायचा?

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी सर्व्हरवरची कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम. त्याच्याबद्दल सोलापुरातल्या संगणकवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: ‘क्रॉन जुनाट आहे. काम चुकलं तरी सांगत नाही, एकावर एक कामं चढवतो, कामांची साखळी त्याला कळत नाही. धंदा मोठा करायचा तर एअरफ्लोच बसवा.’ एअरफ्लो म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेली कामं क्रमानं चालवणारी मोठी प्रणाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची रात्रीची कामं मी लावतो. स्टॉकची बेरीज, बॅकअप, सकाळचा विक्री अहवाल. म्हणून हे उत्तर.

जुना आहे, खरंय. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो होता, आणि आजच्या बऱ्याच लिनक्समधला क्रॉन पॉल विक्सी यांच्या १९८७ च्या क्रॉनवरून आलाय. पण मिनिट, तास, तारीख, महिना, वार, पुढे आज्ञा, एवढीच त्यातली एका कामाची ओळ. मी गावाला असलो तरी बिलिंगवरचा मुलगा फोनवर ती वाचून दाखवतो आणि चूक कुठं आहे ते मला कळतं. मला साधेपणा हवा तो यासाठी.

सांगत नाही? कामाने काही छापलं की क्रॉन मेल करतो. सर्व्हरवर मेलच बसवलेला नसतो, ही चूक आपली. वीज गेली आणि वेळ हुकली तर मात्र तो ते काम सोडूनच देतो. तिथं अॅनाक्रॉन लावा, तो हुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर करतो.

एकावर एक कामं? आज्ञेआधी फ्लॉक ही आज्ञा लावा, ती पहिलं काम चालू असताना तेच दुसऱ्यांदा सुरू होऊ देत नाही.

साखळीचा मुद्दा मला मान्य आहे. वीस कामांतलं आठवं अडलं की त्यावर अवलंबून असलेली चारच थांबवायची असतील, तर एअरफ्लो घ्यावाच. पण तीन कामं एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या एका फाइलमध्ये, ओळीनं लावता येतात. एअरफ्लो बसवला की त्याचा शेड्युलर, वेब सर्व्हर आणि डेटाबेसही सांभाळायचा. एकच सर्व्हर असलेल्या कारखान्यात रात्री दोनला हे कोण बघणार?

क्रॉनचा खरा दोष त्या मजकुरात नाहीच. पहिल्या सोमवारी पगारपत्रक निघावं म्हणून मी एका ठिकाणी तारीख १ ते ७ आणि वार सोमवार असं लिहिलं. ते सातही दिवस निघालं, शिवाय पुढच्या प्रत्येक सोमवारी. तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन ‘आणि’ नव्हे, ‘किंवा’ धरतो. टक्क्याच्या चिन्हाचंही तसंच. बॅकअपच्या नावात तारीख घालायच्या आज्ञेत ते लागतं, पण त्याआधी \ न देता सरळ लिहिलं की आज्ञा तिथंच तुटते. अशा जागी क्रॉन साधा नाही. म्हणून तारखेचा सगळा हिशेब मी स्क्रिप्टमध्ये ठेवतो, क्रॉनकडे फक्त वेळ.