पीटर ओरायली रंकाचा राव झाला नव्हता

कॅनडाच्या पश्चिम टोकाला व्हिक्टोरिया शहर आहे. तिथलं ओरायली कुटुंबाचं जुनं घर, पॉइंट एलिस हाउस, पाहून आलेली मंडळी फोटोंसोबत एक गोष्ट पुढे पाठवतात. कथानक साधारण असं: आयर्लंडमधल्या दुष्काळातून पळालेला पीटर ओरायली नावाचा एक गरीब तरुण ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात येतो. ना शिक्षण, ना ओळख. केवळ सचोटीच्या बळावर तो न्यायाधीश होतो. सोन्याच्या खाणींवर जमलेल्या बंदूकधाऱ्यांना एका वाक्यात गप्प करतो. पुढे मूळ रहिवाशांना मायेने जमिनी वाटतो. त्याची मुलगी मात्र दक्षिण ध्रुवावर जाऊन परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटची वाट पाहत आयुष्यभर अविवाहित राहते आणि भूत होऊन आजही त्या घरात वावरते.

गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच पसरते. पण तिच्यातला जवळजवळ प्रत्येक दुवा तपासला की हातात उरतं ते वेगळंच. आणि जे उरतं त्याची किंमत काही लोक आजही मोजत आहेत, त्यामुळे "जाऊ दे, गोष्टच तर आहे" असं म्हणून हे सोडून देणं मला बरोबर वाटत नाही.

"दुष्काळातून पळालेला गरीब आयरिश तरुण"

पीटर ओरायलीचा जन्म १८२७ सालचा, आणि तो आयर्लंडमध्ये नाही तर इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या इन्स इथे झाला. वाढला तो आयर्लंडच्या मीथ परगण्यात, बॅलीबेग हाउस नावाच्या घरी. म्हणजे त्याला आयरिश म्हणायला हरकत नाही. पण बटाट्याचं पीक कुजल्यावर ज्यांच्या झोपड्या जमीनदारांनी पाडल्या आणि जे मिळेल त्या जहाजाने निघाले, त्या कुळांपैकी तो नव्हता. तो आयरिश रेव्हेन्यू पोलीस दलात लेफ्टनंट होता. हे दल खेड्यापाड्यांत चोरून चालणाऱ्या दारूभट्ट्या हुडकून मोडायचं काम करी. १८५७ मध्ये ते बरखास्त झालं. नोकरी गेली म्हणून हा अधिकारी नव्या वसाहतीकडे वळला.

दुष्काळात लाखो माणसं मेली. त्यांच्या दुःखाचं वलय अशा माणसाच्या डोक्याभोवती लावणं, ज्याचा पगार त्याच सरकारकडून येत होता, हे त्या मेलेल्यांवर अन्याय करणारं आहे.

"ओळखदेख नसताना न्यायाधीश झाला"

तो १८५९ मध्ये ब्रिटिश कोलंबियात पोचला. वसाहत घोषित होऊन जेमतेम काही महिने झाले होते. फ्रेझर नदीकाठी सोनं सापडल्याने हजारो लोक कॅलिफोर्नियातून वर सरकले होते आणि गव्हर्नर जेम्स डग्लसला लिहिता-वाचता येणारे, घोड्यावर बसणारे, हुकूम देण्याची सवय असलेले लोक तातडीने हवे होते. ओरायली आल्या वर्षीच लँग्ली आणि फोर्ट होप भागात पगारी न्यायदंडाधिकारी म्हणून नेमला गेला. यात चमत्कार काही नव्हता. त्या काळातली नावं बघा: लंडनच्या वसाहत खात्याने पाठवलेला चार्ट्रेस ब्रू आयरिश पोलीस दलातला, अमेरिकेच्या सीमेवरच्या ओसोयूसचा जॉन कार्मायकल हेन्स कॉर्कचा, ओरायलीनंतर त्याच्याच खुर्चीत बसलेला आर्थर व्होवेल टिपररीचा. आयर्लंडमध्ये इंग्रजी सत्ता राबवण्याचा अनुभव किंवा तशा घराण्यातला जन्म ही या नोकरीची चांगली शिफारस होती.

कायद्याची पदवी नव्हती, हे खरं आहे. पण बहुतेकांकडे नव्हती. या हुद्द्याला 'गोल्ड कमिशनर' म्हणत आणि त्याचं काम आपल्याकडच्या जुन्या मामलेदारासारखं होतं: परवाने देणं, महसूल गोळा करणं, खाणपट्ट्यांची नोंद ठेवणं, आणि त्याच पट्ट्यांवरून भांडण झालं की निवाडाही आपणच करणं. खुनासारखे गंभीर खटले मॅथ्यू बेगबी हा खरा वकील-न्यायाधीश फिरतीवर येऊन चालवी. त्यात हेच दंडाधिकारी वसाहतीच्या विधान परिषदेतही बसत, ओरायलीही बसला. कर घेणारा, न्याय देणारा आणि कायदा करणारा एकच माणूस. याला सचोटीचा विजय म्हणण्याआधी क्षणभर थांबायला हवं.

"एका वाक्याने खाणवस्ती शांत केली"

ते वाक्य असं सांगतात: "पोरांनो, कूटनी भागात गोळ्या चालल्या तर कूटनी भागात फासही लटकतील." कूटनीतल्या वाइल्ड हॉर्स क्रीकच्या खाणवस्तीवर ओरायलीने ही तंबी दिली असं आठवणींतून चालत आलं आहे, कधी कधी तेच वाक्य बेगबीच्या तोंडीही घातलं जातं. त्याने ते उच्चारलं असेलही. पण वस्ती शांत झाली त्याचा तत्कालीन दाखला दुसऱ्याच्या नावावर आहे. वसाहतीचा सचिव आर्थर बर्च १८६४ च्या शरद ऋतूत तिथे गेला, तेव्हा त्याला कायदे लागू झालेले, जकात वसूल होत असलेली आणि पिस्तुलं दिसेनाशी झालेली आढळली. त्या वेळी तिथे काम करत होता हेन्स, जोडीला एखादा शिपाई घेऊन. अमेरिकन पद्धतीचा बंदुकीचा थरार या गोष्टीत भरावा लागतो, कारण रजिस्टर, पावत्या आणि निवांतपणे सोनं काढता यावं ही खाणकामगारांची स्वतःची गरज हे कारण कुणाला ऐकायला आवडत नाही.

"मूळ रहिवाशांना मायेने जमिनी वाटल्या"

सगळ्यात जास्त खोटं इथे आहे.

आधी घरचं नातं. डिसेंबर १८६३ मध्ये ओरायलीने कॅरोलाइन ॲग्नेस ट्रचशी लग्न केलं. तिचा भाऊ जोसेफ ट्रच पुढच्याच वर्षी वसाहतीचा जमीन आणि बांधकाम खात्याचा प्रमुख झाला. डग्लसने मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या जमिनी ट्रचने मोजून, कापून लहान केल्या. एका कुटुंबाला दहा एकरांपेक्षा जास्त कशाला, ही त्याची भूमिका. त्याच वेळी नव्याने आलेल्या गोऱ्या वसाहतकाराला १६० एकर पडीक जमीन नुसती अडवून आपली करता येत होती. १८६६ च्या कायद्याने तर गव्हर्नरच्या लेखी परवानगीवाचून मूळ रहिवाशांना तशी जमीन घेण्याचीच बंदी घातली. मूळ रहिवाशांचा जमिनीवर हक्क सरकारने कधी मानलेलाच नाही, असं टिपण ट्रचने १८७० मध्ये लिहून ठेवलं. १८७१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया कॅनडात सामील झाला आणि ट्रच तिथला पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

१८८० मध्ये राखीव जमिनी ठरवणारा आयुक्त गिल्बर्ट स्प्रोट याने राजीनामा दिला. वसाहतकारांना तो मूळ रहिवाशांकडे झुकणारा वाटे. त्याच्या जागी आला पीटर ओरायली. त्या वेळी ट्रच ब्रिटिश कोलंबियातला केंद्र सरकारचा प्रतिनिधी होता. मेहुण्या-मेहुण्यांच्या या जोडीचा उल्लेख त्या फिरत्या गोष्टीत एकदाही येत नाही. ओरायली १८९८ पर्यंत, म्हणजे १८ वर्षं या पदावर राहिला आणि प्रांतातल्या शेकडो राखीव जमिनींच्या सीमा त्याच्या सहीने ठरल्या.

'वाटल्या' म्हणायचं तर ज्याची वस्तू त्यालाच तिचा तुकडा देऊन वाटल्या. प्रांताच्या बहुतेक भागात कुठलाही तह झालेला नव्हता. नास नदीच्या खोऱ्यात निस्गा लोकांकडे ओरायली १८८१ मध्ये जाऊन सीमा आखून आला, आणि तिथला असंतोष इतका वाढला की १८८७ मध्ये चौकशी आयोग पाठवावा लागला. त्या आयोगासमोर डेव्हिड मॅके या निस्गा माणसाने जे सांगितलं ते आजही उद्धृत केलं जातं: सरकार म्हणतं आम्ही तुम्हाला एवढी जमीन देऊ, जी आमचीच आहे ती ते देणार कशी? त्यांनी ती आमच्याकडून किंवा आमच्या वाडवडिलांकडून कधी विकत घेतली नाही, लढून जिंकलीही नाही. या प्रश्नाला उत्तर मिळायला शंभरहून अधिक वर्षं लागली. निस्गा तह अमलात आला तो ११ मे २००० ला.

विल्यम्स लेकचं प्रकरण तर ओरायलीच्या स्वतःच्या कागदांवर उभं आहे. विल्यम्स लेक या तळ्याच्या खालच्या टोकाला सेक्वेपेम्क या मूळ रहिवाशांचं गाव होतं. वसलेली गावं आणि शेतं वसाहतकारांना अडवता येणार नाहीत असा डग्लसचा १८६० चा जाहीरनामा होता, तरी ते गाव गोऱ्यांच्या नावावर चढलं आणि लोक हुसकले गेले. १८७९ मध्ये त्यांचा प्रमुख विल्यम याने व्हिक्टोरियाच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: मी प्रमुख आहे आणि माझे लोक उपासमारीच्या दारात आहेत, गोऱ्या माणसाने सगळी जमीन घेतली आणि सगळे मासे घेतले. १८८१ मध्ये ओरायली तिथे गेला. गावाची जमीन चुकीने गेली आहे हे त्याला कळलं होतं. पण ती परत मिळवायला तो हललाच नाही. गोऱ्या मालकांच्या हक्कांना हात लावायचा नाही म्हणून त्याने तळ्याच्या वरच्या टोकाकडे दुसरी जमीन राखून दिली.

"तो बिचारा धोरणाने बांधलेला होता," असं कुणी म्हणेल. काही अंशी खरं आहे, त्याच्या निर्णयांना प्रांतिक सरकारची मंजुरी लागे. पण हे प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने विल्यम्स लेकच्या लोकांच्या बाजूने निकाल दिला: त्यांचं हित जपण्याची जबाबदारी सरकारवर होती आणि ती पाळली गेली नाही. १८८१ मध्ये चूक दुरुस्त करायची संधी ज्याच्या हाती होती तो आयुक्त ओरायलीच. २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. पैसे मिळाले, गाव नाही. त्या जागेवर आज विल्यम्स लेक शहर उभं आहे.

"मुलगी स्कॉटसाठी झुरली"

कॅथलीन ओरायली ३१ डिसेंबर १८६७ ला पॉइंट एलिस हाउसमध्ये जन्मली. ते घर ओरायलीने त्याच वर्षी विकत घेतलं होतं. थोरला भाऊ फ्रँक, धाकटा जॅक, आणि मेरी ऑगस्टा नावाची एक बहीण, जी १८७६ मध्ये सातव्या वर्षीच गेली. या घरातलं खरं दुःख हे आहे, पण ते कुणी पुढे पाठवत नाही.

रॉबर्ट फाल्कन स्कॉट विशीत असताना 'ॲम्फियन' या युद्धनौकेवरून जवळच्या एस्क्विमॉल्ट तळावर आला होता. आरमारी अधिकाऱ्यांचं या घरी जाणं-येणं असे, तसं त्याचंही होतं, आणि नंतर पत्रव्यवहारही राहिला. मैत्री नक्की होती. पण कॅथलीनला अनेक वर्षं मनापासून मागणी घालणारा आरमारी अधिकारी होता हेन्री स्कडमोर स्टॅनहोप, आणि तिने त्याला नकार दिला. स्कॉटने १९०८ मध्ये जिच्याशी लग्न केलं तिचं नावही कॅथलीनच, कॅथलीन ब्रूस. गोंधळाला या नावाचाही हातभार लागला असावा.

मुख्य म्हणजे 'नकार दिला' हे वाक्य लोकांना पचत नाही. एका सुखवस्तू घरातली, शिकलेली, युरोप पाहिलेली बाई लग्न न करता आपल्या घरात राहते, आईवडिलांचं म्हातारपण सांभाळते, १९४५ पर्यंत जगते, याला कुणीतरी मेलेला नायक कारण म्हणून लागतोच. तिच्या निर्णयाला निर्णय म्हणून का बघू नये? भुताबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याला अनुभव आला त्याने तो स्वतःच्या नावावर सांगावा, कॅथलीनच्या नव्हे.

ओरायली १९०५ मध्ये व्हिक्टोरियात वारला. घर कुटुंबाकडेच राहिलं, आणि १९६० च्या दशकात नातू आणि नातसुनेने ते लोकांना दाखवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये प्रांताने सगळ्या सामानासकट ते विकत घेतलं. भांडी, पत्रं, कपडे, फर्निचर, सगळं जागच्या जागी आहे, आणि ते बघण्यासारखं आहे. जाल तेव्हा चहाच्या कपांचे फोटो जरूर काढा. मात्र पाठवताना त्यासोबत विल्यम्स लेकच्या चीफ विल्यमचं १८७९ चं पत्रही पाठवा.