‘खंड कधीच बुडत नाही’ म्हणे!

गावच्या ग्रुपवर गेले काही दिवस एकच मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: पृथ्वीच्या पोटात लाव्ह्याचा समुद्र आहे; खंड हलके, ते त्यावर लाकडासारखे तरंगतात आणि कधीच बुडत नाहीत; त्यामुळे खालचा रस आजही जसाच्या तसा शुद्ध आहे; आणि विदर्भाचा काळा दगड म्हणजे थेट गाभ्यातून आलेला तो शुद्ध रस. खाली ‘दहा जणांना पाठवा’. विहिरीच्या कामावर काकाजींनी मोबाइल माझ्यासमोर धरला, “हे खरं हाय का रे बा?” साफ खोटं असतं तर सोडून दिलं असतं. यात थोडं खरं मिसळलंय, म्हणून लिहितो.

लाव्ह्याच्या समुद्राचं लवकर आटपू. कवचाखालचं प्रावरण सुमारे 2,900 किलोमीटर खोलपर्यंत आहे आणि ते घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र आरपार जातात. तो दगड तापलेला आहे, वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो, पण वाहता रस नाही. वर चढताना त्याच्यावरचा दाब उतरला की त्यातला थोडा भाग वितळतो, एवढंच.

आता ‘खंड बुडत नाही’. अख्खा खंड बुडत नाही, हे कबूल. पाण्याची घनता 1 धरली तर खंडाच्या खडकाची 2.7 च्या आसपास, प्रावरणाची 3.3. म्हणूनच कॅनडात 400 कोटी वर्षांपूर्वीचा खडक आजही वर सापडतो, आणि समुद्रतळ मात्र 20 कोटी वर्षांच्या आतलाच, जवळपास सगळा. पण ‘कधीच’ हा शब्द चुकला. धुऱ्यावरची माती पावसाळ्यात नाल्यात उतरते, वावर जागेवरच राहतं. खंडाचंही तसंच. वैनगंगा भंडारा-गोंदियाकडचा जुना खडक झिजवून नेते, पुढे प्राणहिता, गोदावरी, मग बंगालचा उपसागर. त्याच उपसागराच्या पूर्व टोकाला, अंदमान-सुमात्राजवळ, समुद्रतळ प्लेटसकट खाली घुसतो. 2004 ची त्सुनामी तिथलीच. आपल्या नदीचा गाळ तिथवर जातोच असा माझा दावा नाही, पण हिमालयाचा जातो. त्यातला बराच काठावर खरवडला जातो, उरलेला खाली उतरतो.

तो खरंच खाली जातो याचा पुरावा फार सुंदर आहे. बेरिलियम-10 नावाचं समस्थानिक (बेरिलियमचा एक किरणोत्सारी प्रकार) वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होतं आणि पावसाबरोबर समुद्राच्या गाळात बसतं. सुमारे 14 लाख वर्षांत ते निम्मं होतं, म्हणजे पृथ्वीच्या पोटात जुना साठा उरणं शक्य नाही. तरीही निकाराग्वाच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यात ते सापडतं. वरचा गाळ खाली जाऊन एक कोटी वर्षांच्या आतच पुन्हा वर आला, याशिवाय त्याचा दुसरा अर्थ लागत नाही.

नुसता गाळच नाही, खंडाची कडही जाते. 1984 साली ख्रिस्तियन शोपँ यांनी आल्प्समधल्या खंडीय खडकात कोएसाइट दाखवलं. साध्या गारगोटीचं हे रूप जवळपास 90 किलोमीटर खोलीच्या दाबाशिवाय बनत नाही. लडाखच्या त्सो मोरीरीजवळही ते मिळालंय, म्हणजे आपल्या भारतीय खंडाची कड तितकी खाली जाऊन परत आली. आणि परत न येणारीही असते. साधारण 300 किलोमीटरखाली त्याच गारगोटीचं आणखी घट्ट रूप बनतं आणि खंडाचा खडक आजूबाजूच्या प्रावरणाहून जड होतो. ज्या हलकेपणावर मेसेजचा सगळा डोलारा उभा आहे, तो तिथे उरतच नाही.

मग ‘शुद्ध रसा’चं काय? खंडीय कवच वजनाने प्रावरणाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण रुबिडियम, थोरियम, युरेनियम त्यात गच्च भरलेलं. सावजीच्या रश्श्यात तिखट किती आणि पाणी किती, तसा प्रकार. रुबिडियम-87 अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-87 होतं, त्यामुळे जुन्या खंडीय खडकात स्ट्रॉन्शियम-87 आणि 86 यांचं गुणोत्तर वाढलेलं असतं. भर समुद्रातल्या कटकांवरच्या, म्हणजे पाण्याखालच्या डोंगररांगांवरच्या, बेसॉल्टमध्ये (काळ्या दगडात) ते 0.7025 च्या जवळ. 2007 साली मॅथ्यू जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी सामोआ बेटांच्या समुद्राखालच्या लाव्ह्यात 0.720 मोजलं. सामोआ पॅसिफिकच्या मधोमध, खाली खंडच नाही. म्हणजे ही चव वर येताना लागलेली नव्हे, खालूनच आलेली, कधीकाळी बुडालेल्या खंडीय मालाची.

नेमकं इथे आपल्या काळ्या दगडाचं घोडं अडतं. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो गाभ्यातून नाही, प्रावरणाच्या वितळण्यातून आला. त्यातही शुद्ध नाही. जाड भारतीय खंड फोडून वर येताना त्याने वाटेतला खडक खाल्ला. सह्याद्रीतल्या बुशे थरात ही भेसळ भरपूर, आंबेनळी थरात कमी. म्हणून दख्खनच्या दगडात खंडाची खूण दिसली तरी ती खोलातली की वाटेतली, हे वेगळं करणं अवघड.

काकाजींना एवढं सगळं सांगितलं नाही. सुरुंगानंतर निघालेला काळा तुकडा त्यांच्या हातात दिला, आतल्या पोकळीत पांढरे खडे चमकत होते. ते म्हणाले, “म्हंजे ह्यो बी भेसळीचाच?” मी हो म्हटलं. त्यांनी मेसेज कुणाला पुढे पाठवला नाही, पण डिलीटही केला नाही.