सात ग्रॅमचा चोख कारभार

माल्टाला जाऊन निवांत गांजा ओढायचा तुमचा बेत पक्का झाला असेल, तर आधी एक चांगला डिजिटल काटा विकत घ्या. सोनाराच्या पेढीवर असतो तसला, दशांशापर्यंत वजन दाखवणारा. विमा, गॉगल, सनस्क्रीन सगळं नंतर. भूमध्य समुद्रातला हा ३१६ चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे जेमतेम अर्ध्या मुंबईएवढा. तिथे तुमच्या खिशात सात ग्रॅम निघाले तर तुम्ही सज्जन, आठ निघाले तर पन्नास ते शंभर युरो दंड. अठ्ठावीसच्या पुढे गेलात तर मग दंडावर भागत नाही. घरून निघताना दोनदा तोला, आणि पुडीचं वजन वजा करायला विसरू नका.

डिसेंबर २०२१ मध्ये माल्टाच्या संसदेने ३६ विरुद्ध २७ मतांनी हा कायदा केला आणि युरोपीय संघात घरगुती गांजा कायदेशीर करणारा पहिला देश म्हणून नाव काढलं. विधेयक आणलं ते समानता, संशोधन आणि नवोन्मेष खात्याच्या मंत्र्यांनी. गांजा या तिघांपैकी नेमका कशात बसतो हे विचारत बसू नका. आपल्याकडे असतं तर गृह, कृषी आणि उत्पादन शुल्क अशी तीन खाती एकमेकांच्या उरावर बसली असती आणि फाईल अजून मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर असती.

घरी चार झाडं लावता येतात. पण ती बाहेरून कुणाला दिसता कामा नयेत, म्हणून गॅलरीत तुळशीशेजारी ठेवायचा मोह आवरा. राजधानी व्हॅलेटातल्या जुन्या घरांना रस्त्यावर झुकलेले, हिरव्या-लाल रंगाचे बंदिस्त लाकडी सज्जे असतात. ते गांज्यासाठी बांधले नव्हते, पण कायदा करणाऱ्यांनी ते बघूनच कलम लिहिलं असावं असं वाटतं. घरातल्या घरात दिवे लावून झाडं वाढवणार असाल तर जुलै टाळा. २०२३ च्या जुलैत ऐन उन्हाच्या लाटेत तिथली वीज दिवसेंदिवस येत-जात होती, लोक फ्रीजमधलं सगळं फेकून देत होते.

झाडं लावायचा कंटाळा असेल तर संघटनेचं सभासद व्हा. महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगायला दोन मिनिटं पुरतात: गांज्याची सहकारी सोसायटी. जास्तीत जास्त पाचशे सभासद, एका माणसाला एकाच सोसायटीचं सभासदत्व, दिवसाला सात ग्रॅम, महिन्याला पन्नास. शाळेपासून अडीचशे मीटर लांब. जाहिरात बंद. नफा काढायचा नाही, त्यामुळे चेअरमनपदासाठी कुणी जेवणावळी घालत नाही आणि निवडणुकीला काही रंगत येत नाही. सोसायटीतून माल घ्यायचा, पण तिथे ओढायचा नाही. रस्त्यात ओढलात तर २३५ युरो. अल्पवयीन मुलासमोर ओढलात तर तीनशे ते पाचशे. राहता राहिलं घर. आणि तुम्ही पर्यटक असाल तर सभासदत्व मिळतच नाही, कारण त्यासाठी माल्टाचे रहिवासी असावं लागतं. तुमचा बेत इथेच फसला, पण तिकीट काढलंच आहे तर पुढचं ऐकून घ्या.

या सगळ्यावर देखरेख करायला एक खास प्राधिकरण आहे, गांज्याच्या ‘जबाबदार वापरा’चं. पहिल्या अध्यक्षांना वर्षाच्या आत घरी पाठवलं, तेव्हा एकही सोसायटी उघडलेली नव्हती. पहिल्या सोसायट्यांनी सभासदांना माल द्यायला सुरुवात केली ती २०२४ मध्ये. मधली दोन वर्षं, ज्याच्या घरी झाडं नाहीत त्याने सात ग्रॅम खुशाल खिशात बाळगावेत, ते खिशात आले कसे हा प्रश्न मात्र कुणी कुणाला विचारू नये, अशी एकंदर सोय होती.

तरी तुमची वेळ चांगली आहे. गोझो या माल्टाच्या धाकट्या बेटावर झाडं लावली म्हणून २००६ मध्ये पकडलेल्या एका वेल्श माणसाला २०११ मध्ये साडेदहा वर्षांची सजा झाली होती. त्यामुळे कायदा वाईट झाला असं मी म्हणणार नाही. चिमूटभर गांज्यासाठी पोरांना कोठडीत टाकण्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा. माझी तक्रार त्या काट्याबद्दल आहे. तो सात ग्रॅमला थरथरतो, अठ्ठावीसला घंटा वाजवतो, आणि मोठं वजन ठेवलं की हलतच नाही.

म्हणून माझा प्रामाणिक सल्ला असा, की माल्टात काही करायचंच असेल तर बारीकसारीक करू नका.

उदाहरणार्थ, बँक काढा. एप्रिल २०१७ मधली एक रात्र. ता’ श्बिएश नावाच्या भागात पिलाटस नावाची खासगी बँक होती. सत्तेजवळच्या बड्या लोकांचे पैसे या बँकेतून फिरतात असे आरोप त्या दिवशी देशभर गाजत होते. रात्री टीव्हीचे कॅमेरे बाहेर उभे, आणि बँकेचे मालक हातात बॅगा घेऊन बाहेर पडले. देशाचे पोलीस आयुक्त त्या वेळी कुठे होते? इम्जार गावातल्या एका हॉटेलात, सशाच्या जेवणाला. ससा हा माल्टाचा मानाचा पदार्थ आहे. वाइन आणि भरपूर लसूण घालून मंद आचेवर शिजवतात, आणि असलं जेवण अर्ध्यावर सोडून उठणं बरं दिसत नाही. बॅगांत काय होतं यावर तिथे खूप वाद झाला. त्यात मी पडत नाही. वजनमापाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की त्या कुणी काट्यावर ठेवल्या नाहीत. पुढच्या वर्षी युरोपीय मध्यवर्ती बँकेने पिलाटसचा परवाना काढून घेतला. वरातीमागून घोडं, पण निदान घोडं तरी आलं, तेही बाहेरून.

बँक जमत नसेल तर पनामात कंपनी काढा. पनामा पेपर्स, म्हणजे बड्या लोकांच्या परदेशातल्या गुप्त कंपन्यांची कागदपत्रं फुटली तेव्हा माल्टाचे एक मंत्री आणि पंतप्रधानांचे खासमखास अधिकारी यांच्या तिथल्या कंपन्या उघड झाल्या. वर्षभराने झालेल्या निवडणुकीत त्यांचा पक्ष दणदणीत जिंकला.

या भानगडी लिहिणाऱ्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गालित्सिया यांची गाडी १६ ऑक्टोबर २०१७ रोजी बिडनियाजवळ, घरापासून हाकेच्या अंतरावर, बॉम्बने उडवली. तिथे कुणी मोजमाप केलं नाही. हत्येच्या आधी धोका मोजायचं काम ज्यांचं होतं, त्यांच्याबद्दल तीन न्यायाधीशांच्या चौकशी मंडळाने जुलै २०२१ मध्ये लिहून ठेवलं की या मृत्यूची जबाबदारी राज्यसंस्थेला घ्यावी लागेल, काहीही केलं तरी शिक्षा होत नाही असं वातावरण सत्तेच्या वरच्या थरातूनच खाली पसरलं. पंतप्रधानांनी माफी मागितली. त्याच्या महिनाभर आधी पैशाच्या धुलाईवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफने माल्टाला करड्या यादीत टाकलं होतं. जूनमध्ये करडी यादी, जुलैत चौकशीचा अहवाल, डिसेंबरात गांजा मोकळा. तुम्हाला कधी सरकार चालवायची वेळ आली तर २०२१ चं हे वेळापत्रक कापून जवळ ठेवा. लोकांना बोलायला सात ग्रॅमचा विषय दिला की बाकीचं वर्ष शांततेत जातं.

आता तुमची रहिवासी असण्याची अडचण. ती सोडवायचा एक राजमार्ग होता. २०१४ पासून माल्टा नागरिकत्व विकत होता: साडेसहा लाख युरो सरकारला, वर घर विकत किंवा वर्षाला सोळा हजार भाड्याने, शिवाय रोखे. वर्षभराचं ‘वास्तव्य’ दाखवायचं असे, पण २०२१ मध्ये फुटलेल्या कागदपत्रांतून कळलं की पाहुण्यांनी भाड्याने घेतलेले कित्येक फ्लॅट नुसते कुलूपबंद पडून होते. सोसायटीचा सातवा ग्रॅम मिळवायला माणसाला खरोखर माल्टात राहावं लागतं. माल्टाचा नागरिक व्हायला कुलपाने राहिलं तरी चालत होतं. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे दुकान बेकायदा ठरवलं, तेव्हा आता उशीर झाला. आपल्या मुंबईचे मेहुल चोक्सी हुशार, त्यांनी वेळेत कॅरिबियनमधल्या अँटिग्वाचं नागरिकत्व उरकून घेतलं. तेही बेटच.

इस्पितळं चालवायची हौस असेल तर अनुभवाची अट फारशी मनावर घेऊ नका. २०१५ मध्ये तीन सरकारी इस्पितळं तीस वर्षांसाठी अशा कंपनीला दिली की जिने त्याआधी एक दवाखानाही चालवलेला नव्हता. २०२३ मध्ये न्यायालयाने तो करार फसवणुकीचा म्हणून रद्द केला. माजी पंतप्रधान जोसेफ मस्कट यांच्यावर त्यावरून आरोप ठेवले गेले, ते त्यांनी नाकारले आहेत.

गांजा ओढून गाडी मात्र अजिबात चालवू नका, हे मी गंमतीत सांगत नाही. परवान्याचं काम सोपं आहे. २०२३ मध्ये पंतप्रधान कार्यालयातून वाहन खात्याच्या अधिकाऱ्याला गेलेले व्हॉट्सॲप संदेश छापून आले: या उमेदवाराकडे जरा बघा, त्या उमेदवाराचं काय झालं. पंतप्रधानांनी याला लोकांची मदत म्हटलं. आपल्याला यात नवीन काही वाटणार नाही. आपल्याकडे तेवढ्यासाठी व्हॉट्सॲपही लागत नाही, आरटीओबाहेर टपरीवर काम होतं.

चालताना वर बघत चाला. माल्टात जिकडे तिकडे क्रेन आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये कोर्डिनला सरकारी जमिनीवर उभी राहत असलेली इमारत कोसळून वीस वर्षांचा एक मुलगा ढिगाऱ्याखाली मेला. त्याची आई सार्वजनिक चौकशी मागत दारोदार फिरली. संसदेत सत्ताधाऱ्यांनी मतदान करून ती मागणी फेटाळली, आणि लोक संतापल्यावर पाच दिवसांत तीच मान्य केली. देखरेख कुणाची हे कुणालाच धड माहीत नव्हतं, असा त्या चौकशीचा सूर. गांज्याच्या चार झाडांवर देखरेख कुणाची, ते मात्र कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे.

आणि एवढं सगळं ऐकूनही तुमचा जीव गांज्यातच अडकला असेल, तर सोसायटीचा नाद सोडा आणि थेट लष्कराकडे जा. पोलिसांनी पकडलेला माल हल साफी इथल्या लष्करी तळावर कंटेनरमध्ये ठेवलेला होता. मार्च २०२५ च्या सुरुवातीला, शनिवार-रविवारचा मुहूर्त साधून, चोरांनी तिथून दोनशे किलोंहून जास्त हशीश उचललं. सैन्याच्या तळावरून. कुंपणाने शेत खाल्लं असं मी म्हणणार नाही, कुंपण बिचारं झोपलं होतं. लष्करप्रमुखांनी राजीनामा देऊ केला. मी काटा काढून हिशोब केला: दर माणशी सात ग्रॅमने हा माल साडेअठ्ठावीस हजार सज्जनांना पुरला असता. एकट्याने कायद्यात राहून, महिन्याला पन्नास ग्रॅमने सोसायटीतून उचलायचा म्हटलं, तर तीनशे तेहतीस वर्षं लागली असती. एवढा काळ सभासदत्व टिकवणं अवघड आहे, वर्गणीही भरावी लागते.

त्याच वर्षी सरकारने गांज्याचा कायदा आणखी कडक केला. आता तुमच्या घरातून शेजाऱ्याला वास आला, तरी २३५ युरो दंड. तेव्हा खिडक्या घट्ट लावून बसा. दोनशे किलो तळाबाहेर गेले तेव्हा वास कुणालाच आला नव्हता, पण तुमच्या शेजाऱ्याचं नाक लष्कराचं नाही.