नाताळात भावना दुखावून घेण्याची पूर्वतयारी

डिसेंबर जवळ आला आहे आणि तुमच्या भावना अजून शाबूत आहेत, ही चिंतेची बाब आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहून राजकारणात, निदान राजकारणावरच्या टीव्ही चर्चेत, चार लोकांना ओळखीचं व्हायचं असेल, तर नाताळच्या सजावटीसारखं सोयीचं कुरण दुसरं नाही. साध्या माणसाला तिथे झाड, दिवे आणि चांदण्या दिसतात. तुम्हाला नाताळ हद्दपार करण्याचा कट दिसला पाहिजे.

त्यासाठी आधी एक खुळचट समजूत डोक्यातून काढून टाका: भावना दुखावण्यासाठी कोणीतरी काहीतरी केलेलं असावं लागतं, ही. अजिबात नाही. १९५९ साली अमेरिकेतल्या जॉन बर्च सोसायटी या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेने एक पत्रक काढून लोकांना सावध केलं होतं, की मोठमोठ्या दुकानांतली नाताळची धार्मिक सजावट हटवून तिथे संयुक्त राष्ट्रसंघाची चिन्हं टांगण्याचा कम्युनिस्टांचा डाव आहे. दुकानांतला नाताळ जागच्या जागी राहिला, संयुक्त राष्ट्रसंघाला या कामगिरीचा पत्ताही नसावा, पण पत्रक वाचून जो संताप व्हायचा तो होऊन गेला. संताप पदरात पडल्यावर घटना घडली काय आणि न घडली काय.

ब्रिटिशांनी तर यात आणखी प्रगती केली. १९९७ साली बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांची एकत्र जाहिरात करायला ‘विंटरव्हल’ असं एक नाव शोधून काढलं. नाव बेचव होतं, याबद्दल वाद नाही. पण त्याच वेळी पालिकेच्या इमारतीवर ‘मेरी ख्रिसमस’चा फलक होता, चौकाचौकांत ख्रिसमस ट्री होते, शाळेची पोरं कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, गात होती आणि महापौरांनी नाताळची भेटकार्डंही पाठवली होती. तरीही ‘नाताळचं नाव बदललं हो!’ ही बोंब पुढची कित्येक वर्षं दर डिसेंबरात ताजी होऊन येत राहिली. शेवटी २०११ साली ‘डेली मेल’ या वर्तमानपत्राने खुलासा छापला, की विंटरव्हलने नाताळचं नाव बदललंही नव्हतं आणि नाताळची जागाही घेतली नव्हती. चौदा वर्षं! तुमचं एखादं खरं विधान इतकं टिकलं आहे का?

आता मुख्य कौशल्याकडे वळू. दुखावलेला माणूस प्रत्यक्षात नसला तरी चालतो, पण त्याच्या नावाने कोणीतरी घाबरलेला असावा लागतो. असा घाबरट शोधायचा तर कचेरीत शोधा. २००६ साली सिॲटलच्या विमानतळावर एक ज्यू धर्मगुरू गेले आणि म्हणाले, तुमची झाडं छान आहेत, त्यांच्याबरोबर आमचा एक मेनोरा, म्हणजे हनुक्काच्या सणाचा दीपवृक्ष, ठेवू द्या. आठवडे गेले, काम पुढे सरकेना, तेव्हा त्यांच्या वकिलांनी दाव्याची भाषा केली. अधिकाऱ्यांनी विचार केला: एकाला हो म्हटलं तर उद्या सगळ्यांची रांग लागणार, आणि हा तर प्रवाशांच्या गर्दीचा मोसम. मग त्यांनी काय करावं? रातोरात सगळी झाडं उचलली. म्हणजे मागणी एक वस्तू वाढवण्याची होती आणि उत्तर म्हणून असलेल्या सगळ्या गेल्या. आता लोक चिडले कोणावर? विमानतळावर नव्हे. धर्मगुरूंवर. द्वेषाची पत्रं त्यांना आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ‘झाडं काढा असं मी कधीच म्हटलं नाही, ती परत लावा’ असं त्या बिचाऱ्यांनीच सांगितलं, दावा करणार नाही असंही कळवलं, तेव्हा कुठे झाडं परत आली. मेनोरा मात्र त्या वर्षी आला नाही. या प्रकरणातून शिकण्यासारखं खूप आहे, विशेषतः हे, की धर्मगुरूंना फोन करून खरं काय ते विचारण्याची चूक अजिबात करायची नाही.

कोर्टात जायची हौस असेल तर खिशात प्लास्टिकचं हरीण ठेवा. मी चेष्टा करत नाही, निदान या एका वाक्यात नाही. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे सरकारला कुठल्या एका धर्माची बाजू घेता येत नाही, म्हणून १९८४ साली रोड आयलंडमधल्या पॉटकेटच्या नगरपालिकेने मांडलेल्या येशूजन्माच्या देखाव्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या देखाव्याच्या आजूबाजूला सांताचं घर, गाडी ओढणारी हरणं, एक विदूषक, एक हत्ती आणि एक अस्वल एवढी मंडळी उभी होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं: चालेल. १९८९ साली पिट्सबर्गच्या न्यायालयीन इमारतीतल्या भव्य जिन्यावर मात्र येशूजन्माचा देखावा एकटाच होता, सोबतीला ना हरीण ना हत्ती. तो घटनाबाह्य ठरला. त्याच निकालात, जवळच्याच दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर पंचेचाळीस फुटी ख्रिसमस ट्रीशेजारी उभा असलेला अठरा फुटी मेनोरा मात्र पास झाला. तेव्हापासून वकील मंडळी थट्टेने याला ‘हरणाचा नियम’ म्हणतात. बाळ येशूचं रक्षण करायला विदूषक लागतो, हे ऐकून ज्याच्या भावना खरोखर दुखावतील असा एखादा श्रद्धाळू माणूस असणारच, पण त्याला टीव्हीवर कोण बोलावतो?

‘सार्वजनिक जागेत धर्माला स्थान हवं’ ही मागणी करताना मात्र जरा जपून. २०१३ साली फ्लोरिडाच्या विधानभवनात एका खासगी गटाने येशूजन्माचा देखावा मांडला. जागा सर्वांना खुली म्हटल्यावर सर्व आले. कोणी बिअरच्या रिकाम्या डब्यांचा सहा फुटी खांब आणून उभा केला, कोणी धर्माची थट्टा म्हणून रचलेल्या देवाची, उडत्या स्पॅगेटी राक्षसाची, स्थापना केली. सैतानाच्या मंदिरवाल्यांना (‘सॅटॅनिक टेंपल’ नावाच्या गटाला) त्या वर्षी ‘अत्यंत आक्षेपार्ह’ म्हणून नाही म्हटलं गेलं. पुढच्या वर्षी ते वकील घेऊन आले आणि ज्वाळांत कोसळणारा देवदूत मांडून गेले. तेव्हा आपल्याला हवं ते स्वातंत्र्य शेजाऱ्याला उपयोगी पडणार नाही, याची आधी खात्री करून घ्या.

सरकारी जागेची कटकट नको असेल तर कॉफीचा कप घ्या. २०१५ साली स्टारबक्सने नाताळच्या मोसमात साधा लाल कप काढला. आधीच्या कपांवर हरणं असत, बर्फाची नक्षी असे. येशू त्यांवर कधीच नव्हता, त्यामुळे तो काढून टाकायचा प्रश्नही नव्हता, पण तुम्ही अशा तपशिलात शिरू नका. त्या वेळी उमेदवार असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी बहिष्काराची कल्पना सुचवली. दुसऱ्या एका संतप्त गृहस्थांनी याहून सुंदर युक्ती काढली: दुकानात जायचं, कॉफी मागवायची आणि आपलं नाव ‘मेरी ख्रिसमस’ सांगायचं, म्हणजे नोकराला ते कपावर लिहावंच लागतं. कंपनीचा निषेध कंपनीचीच कॉफी विकत घेऊन करायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नमस्कार.

चर्चेत एखादा आगाऊ माणूस इतिहास काढेल. म्हणेल, नाताळवर खरी बंदी घातली ती कडव्या ख्रिस्ती प्युरिटनांनीच: १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने, मग १६५९ साली मॅसॅच्युसेट्सने, जिथे सण पाळला तर पाच शिलिंग दंड होता आणि तो कायदा १६८१पर्यंत टिकला. घाबरू नका. घड्याळाकडे बघून ‘आपल्याकडे वेळ कमी आहे’ म्हणा, सूत्रसंचालक तुमच्याच बाजूचा असतो.

आणि एवढं करूनही डिसेंबर कोरडा गेलाच, तर टेक्ससकडे बघा. तिथे २०१३ साली शाळेत ‘मेरी ख्रिसमस’ म्हणण्याचा हक्क राखणारा कायदा झाला आणि गव्हर्नर रिक पेरी यांनी त्यावर सही केली ती जून महिन्यात, टेक्ससच्या उन्हाळ्यात, सांताक्लॉजचे पोशाख घातलेल्या माणसांना शेजारी उभं करून. त्या कायद्यात एक कलम आहे. शाळेत येशूजन्माचा देखावा मांडायचा असेल, तर सोबत दुसऱ्या धर्माचं किंवा धर्माशी संबंध नसलेलं किमान एक चिन्ह हवं. म्हणजे हरीण आलंच. पत्रकार परिषदेत कायदा उंच धरून दाखवा, फोटो काढून घ्या, पण ते कलम वाचून दाखवू नका.