यंत्र बिघडलं की पियानो?

गोव्यातल्या संगीतवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: पियानो लावायची इलेक्ट्रॉनिक यंत्रं इथल्या दमट हवेत दोन वर्षंही टिकत नाहीत, जुनी झाली की चुकीचा सूर दाखवतात, त्यापेक्षा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा पोलादी चिमटा) नाहीतर फोनवरचं अ‍ॅप बरं. मी फोंड्याचा, मडगाव-म्हापशात पियानो लावत फिरतो. मलाच चार जणांनी तो पाठवला.

आधी चुकीच्या सुराचं बघू. यंत्राचं माप क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. तो वयाबरोबर सरकतो हे खरं, पण वर्षाला दहा लाखांत मोजके काही भाग. एका सेंटचा, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभराव्या हिश्शाचा फरक पडायला दहा लाखांत ५७८ भाग लागतात. हिशेब तुम्हीच करा. उलट पोलादी फोर्क दहा अंशांनी तापला की ४४० हर्ट्झचा सूर अर्ध्या हर्ट्झने, जवळजवळ दोन सेंट, उतरतो.

मग मेमध्ये लावलेला पियानो जुलैत यंत्रावर भलताच का दिसतो? पाऊस लागला की साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा आवाज वाढवणाऱ्या फळीचं, लाकूड ओल पिऊन फुगतं, ब्रिज, म्हणजे तिच्यावरची तारा टेकतात ती पट्टी, वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. यंत्र तेच सांगतं, आणि शिव्याही तेच खातं.

दोन वर्षांच्या गोष्टीत मात्र थोडं तथ्य आहे. माझंच यंत्र एका पावसाळ्यात सेलसकट पेटीत पडून राहिलं. गणपतीनंतर झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरट पूड, कडेला हिरवी झाक. सेल गळला होता. कापसाच्या बोळ्यावर सुराचं व्हिनेगर (माडाचा सूर, गळ्यातला नव्हे) घेऊन पुसलं, पूड फसफसली, मग स्पिरिट फिरवून वाळवलं. यंत्र चालू. बिघडतात ती असलीच टोकं: सेलचे संपर्क, बटणं, चार्जिंगची बॅटरी. तेव्हापासून जून लागला आणि काम नसलं की सेल बाहेर.

राहिलं अ‍ॅप. कॉन कंपनीने १९३६ साली काढलेला, फिरत्या चकत्यांचा स्ट्रोबोकॉन, हेही सूर मोजायचंच यंत्र, दुरुस्त करून आजही चालवणारे लोक आहेत. दहा वर्षांपूर्वी घेतलेलं, मधे कधीच अपडेट न झालेलं एखादं अ‍ॅप नव्या फोनवर उघडून दाखवा, मग बोलू.