चारोळीचं बी, चारोळीचा दाणा : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला मी आठवडा लावला. मधल्या दिवसांत काही वजनं पुन्हा करून बघायची होती. माझ्या शेतातल्या एकोणीस झाडांच्या चारोळीची तुलना केलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की ताईंनी बियांपासून झाडं वाढवण्यात बारा वर्षं घालवली, तेवढ्यात कलमांची बाग उभी राहून उत्पन्न देऊ लागली असती. बियांचं झाड आईसारखं निघत नाही, हे कृषीच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. तुलना केली तीसुद्धा कवचासकट बी तोलून, आणि एकाच हंगामावर '९ नंबरचं झाड सर्वांत सरस' असा निकाल देऊन टाकला. याला अभ्यास म्हणत नाहीत, हौस म्हणतात.

वजनाचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

मी प्रत्येक झाडाच्या १०० बिया मोजून तोलल्या होत्या. ९ नंबरच्या १०० बिया ३१ ग्रॅम भरल्या, दुसऱ्या कुठल्याच झाडाच्या तेवढ्या भरल्या नाहीत. म्हणून तो निकाल. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर उरलेल्या बिया काढल्या, गावातल्या सराफाकडून बारीक काटा मागून आणला आणि या वेळी बिया फोडून नुसते दाणे तोलले. ९ नंबरच्या १०० बियांतून ६ ग्रॅम दाणा निघाला. १७ नंबरच्या १०० बिया कवचासकट २३ ग्रॅमच होत्या, पण दाणा निघाला ७ ग्रॅम. म्हणजे ज्या झाडाला मी पहिलं म्हटलं त्याचं बरंचसं वजन कवचाचं होतं, आणि ज्याचा लेखात एका ओळीत उल्लेख केला ते झाड दाण्याला भारी निघालं. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे. तुम्ही टोकलं नसतं तर मी ९ नंबरच्याच बिया पुढे वाटत बसले असते.

फोडताना आणखी एक गोष्ट हाताला कळली. आमच्याकडे चारोळी फोडायची जुनी रीत अशी : पिकलेली काळी चारं, म्हणजे चारोळीची फळं, रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गोणपाटावर चोळून साल आणि गर काढायचा, बिया धुऊन वाळवायच्या, मग जात्याच्या दोन पाळ्यांत थोडं अंतर ठेवून हलक्या हाताने फिरवायचं आणि सुपाने पाखडायचं. ९ नंबरचं कवच फुटेपर्यंत आतला दाणा दुभंगतो. १७ नंबरचे दाणे बहुतेक अख्खे निघतात. अख्ख्या दाण्याला आणि कणीला बाजारात एक भाव मिळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण कवचासकट तोलणं अगदीच निरर्थक, हे मात्र मी मानणार नाही. सातपुड्यातून चारोळी गोळा करणारी बाई पुष्कळदा दाणा विकत नाही, बी विकते. आठवडे बाजारात तिचं बी कवचासकट काट्यावर चढतं आणि फोडण्यातला नफा पुढच्याच्या पदरात पडतो. तिच्या हिशोबात ९ नंबरचं झाड खरंच पहिलं आहे. 'सरस' म्हणताना कुणासाठी सरस, हे मी लिहायला हवं होतं.

एका हंगामाचं तुमचं म्हणणंही मान्य. चारोळी आंब्याच्याच कुळातली. काजू आणि बिब्बाही त्याच कुळातले. आंब्यासारखंच हे झाडही दरवर्षी सारखं फळत नाही. माझ्या झाडांना पहिली फळं २०२१ मध्ये आली, पण तुलना करण्याजोगं पीक एकूण ४१ पैकी एकोणीस झाडांवर या वर्षीच मिळालं. मी अजून निदान तीन हंगाम तोलणार आहे आणि तोवर कुठल्याही झाडाला पहिला नंबर देणार नाही.

तुम्ही न काढलेली एक चूक मीच सांगते. माझी जमीन सपाट नाही. वरचा पट्टा मुरमाड आहे, खालचा नाल्याकडे उतरतो आणि तिथे ओल जास्त दिवस टिकते. मोठ्या बियांची जी पाच झाडं मी निवडली त्यांतली चार खालच्या पट्ट्यातली आहेत. तो मोठेपणा झाडाच्या रक्तातला की नाल्याच्या ओलीचा, हे नुसत्या बिया तोलून कळणार नाही. १७ नंबर मात्र वरच्या मुरमातलं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४५ ला टेकतो तेव्हा, त्याच्या पायाशी ओलीचा टिपूस नसतो आणि तरी दाणा भरतो. म्हणून माझं लक्ष आता त्याच्यावर आहे.

चवीबद्दल तुम्ही विचारलंत, की एकाची चारोळी ताजी आणि दुसऱ्याची जुनी असेल तर गोडवा कसा ठरवणार. रास्त शंका आहे. चारोळीच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, त्यामुळे फोडलेला दाणा लवकर खवट होतो. कवचात असेपर्यंत टिकतो. म्हणून सगळ्या बिया कवचातच ठेवल्या होत्या आणि चाखायच्या दिवशी सकाळी एकदम फोडल्या. वाट्यांच्या खाली नंबर चिकटवले होते, घरातल्या सहा जणांनी नंबर न बघता चाखलं. हे मूळ लेखात लिहायचं राहिलं.

आता कलमाचं. इथे आपलं पटणार नाही, आणि हा मुद्दा माझ्या जिवाजवळचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मी कलमाच्या विरोधात नाही. गुजरातमधल्या गोध्र्याजवळच्या वेजलपूरच्या बागायती प्रयोग केंद्राने चारोळीची 'थार प्रिया' ही जात काढली आहे, मृदुकाष्ठ कलमाने, म्हणजे कोवळ्या फुटीवर बांधलेल्या कलमाने, ती वाढवता येते आणि बियांच्या झाडाच्या कितीतरी आधी फळते, हे मला माहीत आहे. उत्पन्नासाठी बाग लावायची असेल तर कलमच लावा, हे मी कुणालाही सांगेन. पण ती जात आली कुठून? मुळात बियांपासून उगवलेल्या झाडांतून निवडूनच ना? दशहरी आंब्याची सगळी कलमं लखनौजवळच्या दशहरी गावातल्या एका झाडाची, आणि ते झाड कोयीतून उगवलेलं. आपल्या जळगावची मेहरूणची बोरं घ्या. आज बोरीच्या रोपावर त्या झाडाचा डोळा (कळी) बसवून, म्हणजे डोळे भरून, ती जात वाढवतात, पण पहिली गोड बोर कुणी डोळा भरून आणली नव्हती. कलम चांगल्या झाडाच्या हजार नकला देतं, त्याहून चांगलं झाड देत नाही. त्यासाठी बी पेरावं लागतं, आणि शंभरातली नव्वद झाडं साधारण निघाली तरी सोसावं लागतं.

'बियांचं झाड आईसारखं निघत नाही' हा तुम्ही दोष म्हणून सांगितलात. मी त्याचसाठी बी पेरलं. चारोळीच्या फुलावर किडे-माश्या कुठल्या झाडाचा पराग आणतील याचा नेम नाही, म्हणून एकाच आईची मुलं वेगवेगळी निघतात. माझ्या ४१ झाडांच्या आया तीन, सगळ्या सातपुड्यातल्या वैजापूरच्या बाजूच्या जंगलातल्या. ९ आणि १७ नंबर एकाच आईचे आहेत. एकाचं कवच जाड, दुसऱ्याचं पातळ. आईचंच कलम बांधलं असतं तर ४१ ठिकाणी आईच उभी राहिली असती.

आपण खान्देशातली माणसं, केळीच्या गावची. ऊतिसंवर्धनाची बाग म्हणजे एकच झाड हजारो वेळा लावलेलं असतं. घड एकसारखे, काढणी एकदम, यात फायदा आहेच. पण मावा ही कीड हरण्या रोग, म्हणजे केळीवरचा विषाणूचा रोग, घेऊन शिरते तेव्हा एका झाडाला जे सोसत नाही ते शेजारच्यालाही सोसत नाही. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी उपटून बांधावर टाकलेली झाडं मी पाहिली आहेत.

आणखी एक कारण आहे. त्या तीन आयांपैकी आता एकच उभी आहे. २०१३ च्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मी बिया आणायला गेले, तेव्हा एका पावरा आदिवासी आजीने मला झाडं दाखवली होती. चार काळं झाल्याशिवाय तोडू नको, हिरव्यातला दाणा पोचट असतो, असं तिने बजावलं. पण तीच म्हणाली, की हल्ली काळं होईपर्यंत थांबलं तर हाती काही लागत नाही, आपल्याआधी दुसरं कुणी तोडून नेतं. मग घाईत फांद्याच छाटतात. सगळं बी बाजारात गेल्यावर झाडाखाली उगवायला काय राहणार? छाटून छाटून एक झाड वठलं, दुसरं कुऱ्हाडीखाली गेलं. त्या दोघींची लेकरं आज फक्त माझ्या बांधाच्या आत आहेत. बारा वर्षं वाया गेली असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला आधी हे आठवतं.

पेरणीबद्दल दोन-तीन वाचकांनी विचारलं आहे, तेही इथेच सांगते. बी ताजं हवं, काही महिन्यांत त्याची उगवण मरते. गर धुऊन सावलीत सुकवा, पाण्यावर तरंगणारं बी टाकून द्या. कवच इतकं कठीण असतं की मी न फोडता पेरलेल्यांतलं जेमतेम काही उगवलं. हलक्या हातोडीने नुसती चीर पाडलेलं बी बरंच बरं उगवलं. दाण्याला मार लागला की मात्र ते कुजतं. सोटमूळ आधी खाली धावतं, म्हणून पिशवी उंच घ्या आणि रोप जास्त दिवस पिशवीत ठेवू नका. एका रोपवाटिकेतून मी बारा रोपं आणली होती, त्यांची मुळं पिशवीच्या तळाशी गुंडाळी झालेली होती, एकही जगलं नाही. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीच्या नादी लागू नका.

भाऊ, तुमचा कलमावर हात बसलेला आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. १७ नंबरची काडी, म्हणजे कलमाला लागणारी फांदी, मी तुम्हाला देते. माझ्याकडे खुंटासाठी, म्हणजे ज्यावर काडी बांधायची त्यासाठी, वर्षभराची पंचवीस-तीस रोपं तयार आहेत. तुम्ही बांधलेली कलमं खालच्या पट्ट्यात लावू आणि तिथला दाणा वरच्या आईशी तोलून बघू, म्हणजे नाल्याच्या ओलीचा प्रश्नही सुटेल. पुढच्या आखाजीला या, खापरावरची पुरणपोळी आणि रस आहेच. चारं तेव्हा काळी व्हायला लागलेली असतील. काटा या वेळी तुम्ही धरा.